बी.ए.नंतर बी.एस्सी. का नको?

‘एक डिग्री झाली ना, मग दुसरी कायले करून राहिला बे?’ बल्लारपुरात हा प्रश्न वस्ती विभागातल्या पानठेल्यावर विचारला जातो, नातेवाइकांच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत विचारला जातो. हल्ली करिअर मार्गदर्शनाच्या व्यासपीठावरूनही तोच ऐकू येतो. भाषा तेवढी प्रमाण असते आणि हातात माइक असतो. तिथे त्याला सल्ल्याचं रूप येतं: पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण घ्या, नाहीतर नोकरी धरा, नाहीतर स्पर्धा परीक्षेला बसा, पण कालच बारावी झालेल्या पोरांसोबत पुन्हा पहिल्या वर्षाला बसू नका, तीन वर्षांची माती होईल.

सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. सल्ला मात्र चुकीचा आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत तर तो जास्तच चुकीचा आहे. पुण्या-मुंबईतल्या मुलांकडे पाहून तो तयार झाला, नागपूरमार्गे इकडे आला, आणि ज्याच्यासाठी तो आहे तो मुलगा इथे राहतो का, हे वाटेत कुणी तपासलं नाही.

या सल्ल्याखाली एक गृहीतक आहे. पहिली पदवी तुम्ही निवडली होती, हे ते गृहीतक. सतराव्या-अठराव्या वर्षी तुमच्यापुढे पाच-सहा वाटा होत्या, त्यातली एक तुम्ही डोळे उघडे ठेवून धरली. आता ती मानवत नसेल तरी तिथूनच पुढे चाला. ज्याच्यापुढे खरंच पाच-सहा वाटा होत्या त्याच्याशी असं बोलायला हरकत नाही. आमच्याकडे बहुतेकांपुढे एकच वाट होती आणि ती एसटीच्या वेळापत्रकाने ठरवली होती.

माणिकगडच्या डोंगरावरचं जिवती तालुक्यातलं एखादं गाव घ्या, गोंडपिपरीकडचं घ्या, नाहीतर नदीपलीकडचं राजुऱ्याकडचं घ्या. विज्ञान शाखेला प्रॅक्टिकल असतात, ती दुपारी चालतात, आणि संध्याकाळची गाडी चुकली की मुक्काम पडतो. मुक्कामाला खोली लागते, खोलीला भाडं लागतं. पावसाळ्यात वर्धा नदीला पूर आला की बल्लारपूर-राजुरा रस्ता बंद होतो. त्या दिवसांत बुडालेली प्रॅक्टिकल कोण पुन्हा घेतो? मग कुणीतरी जाणता माणूसच सुचवतो की बी.ए. घेऊन टाक, रोज यायची गरज नाही, शेतीचंही पाहता येईल. बारावी विज्ञान झालेली मुलंसुद्धा अशी बी.ए.ला येतात, आणि ती थोडीथोडकी नाहीत. मुलींच्या बाबतीत तर विषय कोणता, याआधी सोबत कोण जाणार हा प्रश्न सुटावा लागतो. शेजारची मुलगी ज्या कॉलेजात जाते ते कॉलेज, आणि ती ज्या शाखेत आहे ती शाखा. बापाला दोष द्यावा तर तोही देता येत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे रस्ता असतो.

विद्यापीठाचंच पाहा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला, पण या दोन जिल्ह्यांचं स्वतःचं गोंडवाना विद्यापीठ यायला २०११ उजाडलं. तोवर सिरोंच्याच्या मुलाचं विद्यापीठ नागपुरात होतं. सिरोंचाहून गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या वर. नागपूर त्याच्याही पुढे. गुणपत्रिकेवरचं नाव दुरुस्त करायला ज्यांना एवढा प्रवास होता, त्यांनी विषयांची निवड आवडीनुसार केली असं समजून त्यांना सल्ला देणं हा शुद्ध भाबडेपणा आहे. आज पस्तिशी ओलांडलेले इथले बहुतेक पदवीधर त्या काळातले आहेत. त्यांच्या हातातल्या कागदावरून त्यांची आवड कळत नाही, कुवतही कळत नाही. गावापासून कॉलेज किती लांब होतं, तेवढं मात्र कळतं.

तेव्हा ‘तुम्ही एकदा निवड केली आहे’ हे वाक्य आधी मागे घ्या. मग पुढचं बोलू.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा एम.ए.चा आहे आणि तो टाळून चालणार नाही. ते म्हणतात, तीन वर्षं पुन्हा पहिलीपासून घालवण्यापेक्षा दोन वर्षांत पदव्युत्तर पदवी पदरात पडते, तिचा दर्जाही वरचा. अर्धी गोष्ट खरी आहे. बी.एस्सी. किंवा बी.कॉम. झालेल्या मुलीला इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मराठी यांपैकी काही शिकायचं असेल तर तिनं दुसऱ्यांदा बी.ए. करण्यात अर्थ नाही. बहुतेक ठिकाणी तिला सरळ एम.ए.ला प्रवेश मिळतो. अशा मुलीला मीही एम.ए.च सांगेन. पण उलट दिशेनं ही वाट बंद आहे. वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ला वनस्पतिशास्त्राची बी.एस्सी. लागते, रसायनशास्त्राचंही तेच. बी.ए. झालेल्यानं एम.ए. करणं म्हणजे ज्या विहिरीला पाणी लागलं नाही तीच आणखी खोल खणणं. जागा बदलायची असेल तर खणायला पुन्हा जमिनीपासूनच सुरुवात करावी लागते, त्याला इलाज नाही.

आणि जागा बदलण्याची गरज इथे किती ठोस आहे, ते वनखात्यावरून पाहू. अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं ते बल्लारपूरच्या डेपोतून. २९ मार्च २०२३ रोजी त्याची शोभायात्रा निघाली, अख्खं शहर पाहायला रस्त्यावर आलं होतं. ज्या शहरात एका भागाची ओळखच लाकडाच्या डेपोवरून सांगितली जाते, जिथल्या १९४५ साली स्थापन झालेल्या कागद गिरणीनं या पट्ट्यातला बांबू गिळला, तिथल्या इतिहास-मराठी-समाजशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या मुलाला भारतीय वनसेवेचा अर्ज भरता येत नाही. संघ लोकसेवा आयोगाची अटच तशी आहे: पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, भूशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी एक विषय हवा, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी हवी. (बी.ए.ला गणित किंवा संख्याशास्त्र घेतलं असेल तर चालतं. पण इथल्या किती बी.ए.वाल्यांनी गणित घेतलं होतं, हे आपापल्या वर्गमित्रांना आठवून पाहा.) २०१३ पासून नागरी सेवा आणि वनसेवा यांची पूर्वपरीक्षा एकच आहे. म्हणजे तोच मुलगा ती परीक्षा देऊन जिल्हाधिकारी होण्याच्या रांगेत उभा राहू शकतो, पण ज्या जंगलात त्याचं बालपण गेलं तिथला वनाधिकारी होण्याच्या रांगेत राहू शकत नाही. या मुलानं एम.ए. केलं, पीएच.डी. केली, तरी तो त्या रांगेत येत नाही. बी.एस्सी. केली तर येतो. इथे ‘दुसरी पदवी कशाला’ या प्रश्नाचं उत्तर आयोगाच्या जाहिरातीतच छापलेलं आहे.

दुसरं उदाहरण कारखान्यांचं. आमच्या भागात कागद आहे, सिमेंट आहे, औष्णिक वीज आहे. तिन्हींना प्रयोगशाळा लागते: लगद्याची तपासणी, क्लिंकरची, कोळशाची, बॉयलरच्या पाण्याची. तिथल्या केमिस्टच्या जागेला रसायनशास्त्र घेऊन झालेली बी.एस्सी. मागतात. ‘डिग्रीचं काय घेऊन बसलात, स्किल शिका’ म्हणणाऱ्यांनी त्या जाहिराती वाचाव्यात. स्किल त्यांनाही हवं असतं, पण अर्ज चाळणीतून खाली पडू नये म्हणून आधी पदवीचा विषय जुळावा लागतो. चाळणी मूर्खपणाची आहे, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण चाळणी बदलेपर्यंत मुलानं काय करायचं?

अडचणी आहेतच. बारावी कला शाखेतून झालेल्या बी.ए.ला बी.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा तर बारावीचे विज्ञान विषय लागतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, ते विषय नव्यानं देता येतात. त्यात वर्ष-दीड वर्ष जातं आणि पंचविशीत भौतिकशास्त्राची सुरुवात करणं म्हणजे काही गंमत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं जो मसुदा मांडला त्यात बारावीची शाखा कोणतीही असो, प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास कोणत्याही विद्याशाखेत पदवीला प्रवेश घेता यावा, असं म्हटलं होतं. म्हणजे दिल्लीत बसलेल्यांनाही आता सतराव्या वर्षीची शाखा आयुष्यभराची मानणं पटेनासं झालं आहे. बारावी विज्ञान करून बी.ए.कडे वळलेल्यांना तर हा अडसरही नाही. त्यांना अडवून धरतो तो फक्त ‘लोक काय म्हणतील’.

आता त्या कलमाबद्दल, ज्याच्यामुळे मी हा लेख लिहायला बसलो.

लोकांचा सल्ला ऐकायचा की नाही हे आपल्या हातात असतं. पण हाच सल्ला सरकारी नियमात जाऊन बसला आहे. अनुसूचित जाती आणि जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची जी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिच्या नियमावलीत वर्षानुवर्षं एक कलम आहे: शिक्षणाचा एक टप्पा पूर्ण केल्यावर त्याच टप्प्याचं शिक्षण वेगळ्या विषयात घेणारा विद्यार्थी शिष्यवृत्तीला पात्र नाही. कलमातच उदाहरणं दिली आहेत, त्यातलं एक बी.ए.नंतर बी.कॉम.चं आहे आणि एक दुसऱ्या विषयातल्या एम.ए.चं. व्यावसायिक अभ्यासक्रमाकडे वळणाऱ्याला वाट मिळते, पण बी.ए.वरून बी.एस्सी.ला जाणारा बाहेर. गडचिरोली जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ३९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. म्हणजे जिथे पहिली निवड सगळ्यात कमी मोकळी होती, तिथेच दुसऱ्या निवडीवर सगळ्यात कडक बंदी. ज्याच्या बापाच्या खिशात पैसे आहेत त्याला चूक सुधारता येते; तो फी भरतो आणि बसतो, त्याला कुणी कलम दाखवत नाही. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्यानं मात्र एकाच फेकीत सोंगटी घरात नेली पाहिजे.

या कलमाच्या बाजूनं काय बोललं जातं ते मला माहीत आहे. शिष्यवृत्तीसाठीच नाव घालणारे असतात, एकामागून एक पदव्या करत राहतात, सरकारी पैसा किती जणांवर किती वेळा खर्चायचा? असे लोक असतात, नाकारत नाही. पण त्यांच्यासाठी ‘आयुष्यात एकदाच’ अशी मर्यादा घालता येते, पहिल्या पदवीतल्या गुणांची अट घालता येते. काही थोड्यांच्या गैरवापरासाठी सगळ्यांचंच दार लावून घ्यायचं, ही सवय फक्त गरिबांच्या योजनांत दिसते.

गंमत अशी की विद्यापीठ अनुदान आयोगानं एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. दोन्ही वर्गात बसून, वेळा एकमेकांवर येत नसतील तर. नाहीतर एक वर्गात आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन. एकाच वेळी दोन पदव्या केल्या तर ते आधुनिक, बहुविद्याशाखीय. एकीमागून दुसरी केली तर वेळेचा अपव्यय! हा हिशेब मला तरी कुणी समजावून सांगितलेला नाही.

आणि महाराष्ट्राला हे दुसरेपण इतकं अनोळखी केव्हापासून झालं? टिळकांनी डेक्कन कॉलेजातून गणितात बी.ए. केलं, एम.ए.ला नाव घातलं, ते अर्ध्यावर सोडलं आणि १८७९ मध्ये एल.एल.बी. घेतली. आजच्या मार्गदर्शकाला विचारलं असतं तर त्यानं एम.ए. पूर्ण करायला लावलं असतं. न्यायमूर्ती रानड्यांनी बी.ए., एम.ए. झाल्यावर १८६६ मध्ये एल.एल.बी. केली. यशवंतराव चव्हाण बी.ए. झाल्यावर एल.एल.बी. झाले, आणि ज्यांच्या नावानं १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ उभं राहिलं तेही तेच. तीन वर्षांची एल.एल.बी., बी.एड., बी.लिब., या सगळ्या पदवीनंतरच्या पदव्या आहेत. चंद्रपूरच्या लॉ कॉलेजात बी.ए.वाला गेला की त्याला घरात पेढे मिळतात. तोच मुलगा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेला तर घरात सुतक. दोघंही पदवीवर पदवीच करत असतात.

रँग्लर परांजप्यांचं उदाहरण तर मार्गदर्शकांनी पाठच करायला हवं. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्ग्युसनमधून मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाले होते. मग सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि गणिताच्या ट्रायपॉसला बसले. ती परीक्षा तिथल्या बी.ए.ची. १८९९ मध्ये ते सीनिअर रँग्लर झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. म्हणजे पदवीधर माणूस सरकारच्या पैशानं पुन्हा पदवीच करायला गेला होता. साठ वर्षांनी जयंत नारळीकरांनी तेच केलं: १९५७ मध्ये बनारसहून बी.एस्सी. आणि मग केंब्रिजला पुन्हा गणिताची पदवी, पुन्हा रँग्लर. नारळीकरांना कुणी म्हटलं नाही की बाबा, तुझी बी.एस्सी. झाली आहे, आता हे कशाला. केंब्रिजची पदवी बनारसच्या पदवीपेक्षा वेगळं काही देते, हे तेव्हा सगळ्यांना कळत होतं. बल्लारपूरच्या गुरुनानक विज्ञान महाविद्यालयातली रसायनशास्त्राची पदवी ही मुक्त विद्यापीठातल्या बी.ए.पेक्षा वेगळं काही देते, हे कळायला काय अडचण आहे?

आणखी एक नाव घेतो. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१५ मध्ये कोलंबियातून एम.ए. केलं आणि १९२१ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम.एस्सी.; टप्पा एकच, पदव्या दोन. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात ज्यांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली, त्यांच्याच मार्गावरून चालू पाहणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्तीत ‘त्याच टप्प्यावर दुसऱ्यांदा नको’ हे कलम आहे. १४ एप्रिलला हार घालणाऱ्या पुढाऱ्यांपैकी किती जणांनी ते वाचलं असेल?

विदर्भात ही चर्चा निघाली की कुणीतरी श्रीकांत जिचकरांचं नाव काढतोच. विसेक पदव्या, बेचाळीस विद्यापीठ परीक्षा, एम.बी.बी.एस., एम.डी., मग कायदा, मग आणखी किती तरी, आय.पी.एस., आय.ए.एस., आमदार. २००४ मध्ये पन्नाशीही न गाठता ते गेले. विरोधक म्हणतात, ‘सगळे काही जिचकर नसतात’. बरोबर. म्हणूनच जिचकरांना या वादातून दोन्ही बाजूंनी वगळलं पाहिजे. ते विलक्षण बुद्धीचे होते आणि त्यांना दुसऱ्या पदवीची गरज नव्हती, हौस होती. मी ज्या मुलाबद्दल बोलतो आहे त्याला विसावी पदवी नको आहे, दुसरीच हवी आहे, आणि तीही एखाद्या जाहिरातीतल्या एका ओळीसाठी.

वयाचा मुद्दा मला सगळ्यात कमी पटतो. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कोणत्याही अभ्यासिकेत जा. एकविसाव्या वर्षी बी.ए. झालेला मुलगा तिथे एमपीएससीसाठी खुर्ची धरतो आणि सत्ताविसाव्या वर्षीही त्याच खुर्चीवर असतो. सहा वर्षं! त्याला कुणी म्हणत नाही की वेळेची माती झाली; त्याला ‘तयारी करतोय’ म्हणतात आणि घरचे भाकर पाठवतात. त्याच सहा वर्षांतली तीन त्यानं बी.एस्सी.ला दिली असती तर निकाल लागला नाही तरी हातात काहीतरी उरलं असतं. संघ लोकसेवा आयोगाची कमाल वयोमर्यादा खुल्या गटाला ३२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ३७ आहे. एमपीएससीची ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. बाविसाव्या वर्षी सुरू केलेली दुसरी पदवी पंचविसाव्या वर्षी संपते. हिशेब कुठे चुकतो ते दाखवा. पोलीस भरतीचं गणित वेगळं आहे, तिथे मैदान आणि वय दोन्ही आडवे येतात. ज्याला पोलिसातच जायचं आहे त्यानं खुशाल पळावं, दुसऱ्या पदवीच्या फंदात पडू नये.

कोळशाच्या बाबतीतही मी विरोधकांच्या बाजूनं आहे. सास्ती, पवनी, बल्लारपूर इथल्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणींत वर चढायचं तर माइनिंग सरदार, ओव्हरमन अशी खाण सुरक्षा महासंचालनालयाची प्रमाणपत्रं लागतात, त्यासाठी वेगळी पदविका आणि प्रत्यक्ष खाणीतला अनुभव लागतो. तिथे दुसरी बी.ए. करून काही होत नाही. नर्सिंगसारख्या ठिकाणी जागा मोजक्या असतात, तिथे एकदा पदवी घेतलेल्यानं पहिल्यांदा येणाऱ्याची जागा अडवू नये, हाही मुद्दा रास्त आहे. पण बी.एस्सी.बद्दल जागा अडवण्याची भाषा बोलणाऱ्यांनी जून-जुलैत एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात जाऊन यावं. प्राध्यापक मंडळी मोटारसायकलवर गावोगाव फिरून विद्यार्थी गोळा करत असतात, वर्ग टिकला तर पद टिकेल म्हणून. तिथे दुसऱ्यांदा येणारा पदवीधर कुणाची जागा अडवतो? त्याच्यामुळे प्रयोगशाळा चालू राहिली तर उपकारच समजा.

मुलींबद्दल एक गोष्ट कुजबुजीत बोलली जाते: लग्न पुढे ढकलायला दुसरी पदवी घेतली. समजा घेतली. मग? एकविसाव्या वर्षी घराबाहेर राहण्याचं, लायब्ररीत बसण्याचं, स्वतः निर्णय घेण्याचं दुसरं कोणतं मान्यताप्राप्त कारण या गावांनी मुलींना दिलं आहे? बल्लारपूरला एसएनडीटी महिला विद्यापीठाचं संकुल आलं म्हणून आपण टाळ्या वाजवतो आणि तिथे जाणारीच्या हेतूबद्दल खाली आवाजात बोलतो. त्या तीन वर्षांत ती जे शिकेल ते शिकेल; पण नुसतं लग्न लांबलं तरी ती तीन वर्षं माझ्या मते वाया जात नाहीत.

वाया केव्हा जातात ते सांगतो. पहिल्या पदवीनंतर काय करायचं सुचत नाही आणि ‘काय करतोस’ला उत्तर हवं, एवढ्यासाठी नाव घातलं तर. पहिल्या पदवीतल्या कमी टक्क्यांचा डाग पुसायला तोच विषय पुन्हा घेतला तर. वर्षभरात पदवी हातात देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे दिले तर; असे एजंट चंद्रपूरच्या गल्लीबोळांत आहेत, आणि दूरस्थ पदवीला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता त्या वर्षापुरती आहे का, हे तपासायला मोबाइलवर पाच मिनिटं लागतात. बाकी निर्णय घ्यायला मार्गदर्शन शिबिराची गरज नाही. ज्या जागेवर नजर आहे तिची जाहिरात काढा, शैक्षणिक अर्हतेची ओळ वाचा. तिथे पदवीचा विषय लिहिला असेल आणि तो तुमच्याकडे नसेल, तर दुसरी पदवी हाच जवळचा रस्ता आहे. ‘कोणत्याही शाखेची पदवी’ लिहिलं असेल, तर आहे त्या पदवीवर अर्ज भरा आणि तीन वर्षं वाचवा. शिकण्याची हौस असेल आणि पोटाची सोय झालेली असेल, तर जाहिरातही वाचू नका.

राहिला विद्यापीठाचा आणि सरकारचा भाग. नवीन शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आलं, श्रेयांक आले, २०२१ पासून श्रेयांकांची बँकही आहे. मग एकदा पदवी घेतलेल्यानं बी.एस्सी. करताना मराठी, इंग्रजी, पर्यावरण हे सगळं पुन्हा कशासाठी द्यायचं? त्याचे आधीचे श्रेयांक धरून त्याला मुख्य विषय आणि प्रॅक्टिकल तेवढी द्यायला लावा, तीन वर्षांची दोन होतील. बँकेतले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात, ही अट आमच्याकडच्या माणसाला जाचक आहे. तो सात वर्षांत परत येत नाही, पोरं शाळेत गेल्यावर येतो. गोंडवाना विद्यापीठाच्या विद्वत परिषदेनं निदान आपल्या पदवीधरांसाठी तरी वेगळा विचार करावा. प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी ठेवणारं एखादं कॉलेज बल्लारपुरात निघालं तर गिरणीत आणि खाणीत पाळीनं काम करणारेही येतील. आणि शिष्यवृत्तीचं ते कलम केंद्राकडून बदलून येईपर्यंत राज्याच्या आदिवासी विकास आणि सामाजिक न्याय या दोन खात्यांनी स्वतःच्या निधीतून दुसऱ्या पदवीची फी द्यावी: एकदाच, पहिली पदवी वेळेत पूर्ण केलेल्याला, आणि चंद्रपूर-गडचिरोलीपासून सुरुवात करून.